समुद्रकिनारा त्र्यंबकला सुरू होतो

नाशिकजवळच्या त्र्यंबकच्या डोंगररांगेत दोन नद्या उगम पावतात. गोदावरी पूर्वेकडे वळते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला उतरते आणि जेमतेम दीडशे किलोमीटरांत अर्नाळ्याजवळ अरबी समुद्र गाठते. दोघींच्या माथ्यावर पडणारा पाऊस एकच आणि त्या पावसात झिजणारा काळा कातळही एकच. या कातळाचा चुरा पुढे दोन वेगवेगळ्या समुद्रांच्या काठावर जाऊन पसरतो.

किनारा खचला, नारळाची झाडं आडवी झाली, उधाणाचं पाणी घरात शिरलं, की सगळ्यांची बोटं समुद्राकडे वळतात. लाटा, वादळं, तापणाऱ्या पृथ्वीबरोबर वाढणारी पाण्याची पातळी ही कारणं खरीच आहेत. पण लाटा आजच वाळू नेऊ लागल्या असं नाही. त्या ती नेहमीच नेत आल्या आहेत. पूर्वी नेलेल्या वाळूची भरपाई व्हायची, ती आता अनेक ठिकाणी होत नाही. ती का होत नाही हे समजून घ्यायचं तर समुद्राकडे पाठ करून नदीकाठाने वर चालत जावं लागतं.

गोदावरीचंच बघा. १९७०च्या दशकात ही नदी वर्षाला सरासरी १५ कोटी टन गाळ मुखाकडे नेत होती. २००० ते २००६ या काळात हा आकडा पावणेसहा कोटी टनांवर आला. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेची घसरण तर आणखी तीव्र आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिच्यातून वर्षाला ९० लाख टन गाळ जात असे. या शतकाच्या सुरुवातीला त्याचे जेमतेम ४ लाख टन उरले. मधल्या काळात पाऊस थांबला नव्हता आणि सह्याद्रीची झीजही थांबली नव्हती. गाळ तयार होतच होता, पण तो जायकवाडी, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि अशाच लहानमोठ्या शेकडो जलाशयांच्या तळाशी बसत गेला. धरणाच्या भिंतीशी पाण्याचा वेग मंदावला की जड रेती आधी खाली बसते, मग माती. दरवाज्यातून पुढे जातं ते बरंचसं निवळलेलं पाणी.

त्रिभुज प्रदेशाला हे सोसत नाही. तिथली जमीन म्हणजे गाळाचे एकावर एक चढलेले थर. खालचे थर वरच्यांच्या भाराने दबत राहतात, म्हणून जमीन संथपणे खचत असते. दर पुरात वरून नवा थर चढला तरच ती समुद्रसपाटीच्या वर टिकते. थर चढायचा थांबला की समुद्राला काहीच करावं लागत नाही. जमीनच त्याच्याकडे उतरत जाते. काकीनाड्याजवळचं उप्पाडा हे गाव जामदानी साड्यांसाठी नावाजलेलं आहे. तिथे समुद्राने घरं, देवळं आणि किनाऱ्यावरचा रस्ता पुन्हा पुन्हा खाल्ला आहे. तिथल्या धुपीला बंदराच्या बांधकामासारखी इतर कारणंही आहेत. ती एकट्या धरणांच्या माथी मारता येणार नाही. तरी छत्रपती संभाजीनगर-पैठणच्या शेताला पाणी देणाऱ्या धरणाचा आणि आंध्रातल्या विणकराच्या पडक्या भिंतीचा काही संबंध असू शकतो, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतं. धरणं बांधताना सिंचन किती, वीज किती, बुडणारी गावं किती याचा हिशेब मांडला गेला. मुखाशी न पोहोचणारी रेती त्या हिशेबात क्वचितच धरली गेली.

नदीने आणून टाकलेली रेती मुखाशी बसून राहत नाही. लाट किनाऱ्यावर बहुधा तिरपी येते. येताना ती वाळूचा कण तिरपा वर ढकलते आणि परतताना त्याला उतारावरून सरळ खाली ओढते. प्रत्येक लाटेसरशी कण हातभर पुढे सरकतो. अशा असंख्य लाटांनी वाळू किनाऱ्याला समांतर चालत राहते, दिंडीसारखी. पुढचे पुढे जातात, मागचे त्यांची जागा घेतात. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ही वाळू उत्तरेकडे जाते आणि ईशान्य वाऱ्यांच्या काळात काही प्रमाणात दक्षिणेकडे परतते. वर्षाची गोळाबेरीज उत्तरेच्या बाजूने पडते, तीही काही लाख घनमीटरांत.

या वाटेवर आडवी भिंत घातली की काय होतं, हे मद्रासने दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिलं. तिथे बंदराच्या भिंती समुद्रात घालायला १८७६च्या सुमारास सुरुवात झाली. भिंतीच्या दक्षिणेला वाळू अडून साचू लागली आणि पुळण वर्षागणिक रुंद होत गेली. १८८४मध्ये गव्हर्नर ग्रँट डफ यांनी तिच्या कडेने फिरण्याचा रस्ता आखला. चेन्नईची प्रसिद्ध मरीना ती हीच. शहराची शान मानली जाणारी ही विस्तीर्ण पुळण मोठ्या प्रमाणात बंदराने अडवलेल्या वाळूची आहे. ती वाळू पुढे ज्यांच्याकडे जायची, त्या उत्तरेकडच्या रॉयपुरम आणि तिरुवोट्टियूरच्या कोळीवाड्यांचा किनारा झिजत गेला आणि तिथे दगडांच्या राशी ओताव्या लागल्या. एकाच भिंतीने एका बाजूला सहलीची जागा दिली आणि दुसऱ्या बाजूला घरं नेली. मरीनावर संध्याकाळी फिरणाऱ्या लाखो माणसांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

एवढा धडा घरात असूनही शंभर वर्षांनी पुदुच्चेरीत तेच घडलं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अरियनकुप्पम नदीच्या मुखाशी बंदराच्या भिंती उभ्या राहिल्या. दक्षिणेला अडलेली वाळू उपसून भिंतीपलीकडे उत्तरेला टाकत राहायची, अशी तरतूद योजनेत होती. भिंती बांधून झाल्या, वाळू टाकण्याचं काम मात्र नेटाने झालं नाही. काही वर्षांत शहरासमोरची पुळण नाहीशी झाली आणि तिच्या जागी काळ्या दगडांचा ढीग आला. धूप शहराच्या उत्तरेला तमिळनाडूतल्या मच्छीमार गावांकडे सरकली. तिथे दगड टाकले तर पुढचं गाव धुपलं. दगडी बंधारा समोरची जमीन धरून ठेवतो, यात खोटं काही नाही. पण तो वाळूचा एक कणही तयार करत नाही. उलट त्याच्यावर आदळून परतणारी लाट पायथ्याशी उरलीसुरली वाळू खरवडते आणि बंधारा जिथे संपतो तिथे धूप दुप्पट जोमाने सुरू होते. म्हणून एका गावाला बंधारा मंजूर झाला की शेजारचं गाव पुढच्या वर्षी अर्ज घेऊन उभं असतं. त्या गावाची मागणी चुकीची नसते. पण पैसा दगडांवर जात राहतो आणि वाळू का येत नाही हा प्रश्न कोणी हातीच घेत नाही.

वाळूची वाट अडवायला बंदरच लागतं असंही नाही. ६ जून २००० रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचं सुमारे २४० मीटर लांबीचं खनिजवाहू जहाज गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यासमोर उथळ पाण्यात रुतलं. ते बाजूला काढण्यावरून वर्षानुवर्षं वाद आणि निविदा चालल्या, आणि २०१२पर्यंत ते तिथेच गंजत उभं राहिलं. एवढ्या काळात ते समुद्रातली भिंत झालं. त्याच्या आडोशाला लाटा मंदावून कांदोळीकडे वाळू धरली, आणि शेजारच्या सिंकेरीची पुळण झिजली. उभ्या जहाजाने एवढं होत असेल, तर काही किलोमीटरांच्या कायमच्या भिंतीने काय होईल हे ताडायला फार मोठी विद्या लागत नाही.

राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली उपग्रह-चित्रं ताडून देशाच्या मुख्य भूमीचा किनारा तपासला. सुमारे एक तृतीयांश किनारा धुपत असल्याचं आणि चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक वाढत असल्याचं त्यात दिसलं. पश्चिम बंगाल, पुदुच्चेरी आणि केरळ यांची स्थिती वाईट आहे. महाराष्ट्राचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी, म्हणजे किनाऱ्याचा साधारण चौथा हिस्सा. याचं श्रेय आपल्याला नाही, कोकणाच्या कातळाला आहे. इथे डोंगराची टोकं समुद्रात घुसलेली आणि त्यांच्या कुशीत छोट्या छोट्या पुळणी वसलेल्या. पण याच रचनेत एक धोका आहे. दोन टोकांमधल्या पुळणीला बाहेरून वाळू मिळायची वाट अरुंद असते. तिची मदार शेजारच्या खाडीवर आणि मागच्या वाळूच्या टेकाडांवर. ती दोन्ही उपसली, तर भरून काढणारं कोणी उरत नाही.

कोकणातली पुळण दर पावसाळ्यात अरुंद होतेच. आषाढातल्या लाटा वाळू ओढून आत नेतात, समुद्रात काही अंतरावर तिचे बांध घालतात आणि दिवाळीनंतर शांत झालेला समुद्र तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतो. मच्छीमार या ये-जा करण्याला धूप म्हणत नाहीत. मर्यादवेल आणि केवड्याने धरलेली किनाऱ्यामागची टेकाडं ही वाईट वर्षासाठी राखलेली शिल्लक असते. ती सपाट करून रिसॉर्ट बांधली, समोरची नजर मोकळी करायला वेली उपटल्या, की पहिल्याच मोठ्या उधाणात समुद्राला थेट पाया सापडतो.

आणि खाडीतली रेती? पूर्वी ती हातपाटीने निघायची. दोघा-तिघांची होडी, एक जण बुडी मारून बादली भरणारा, बाकीचे ती वर ओढणारे. दिवसभरात होडी भरली की काम संपलं. सक्शन पंपाला बुडी मारावी लागत नाही आणि त्याचा दमही संपत नाही. वैतरणेच्या खाडीत रेतीउपशाने रेल्वेच्या पुलांचे खांब धोक्यात येण्यापर्यंत मजल गेली आणि पुलाच्या आसपास उपशाला बंदी घालावी लागली. पूल दिसतो, त्याच्यावरून लोकल जाते, म्हणून त्याची काळजी झाली. त्याच रेतीची वाट पाहणारी अर्नाळ्याची पुळण रेल्वेच्या नकाशावर नाही.

मालवणच्या दक्षिणेला देवबाग आहे. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी. दर पावसाळ्यात तिथे बंधाऱ्याची मागणी होते आणि लोकांची भीती खरी आहे. पण या किनाऱ्यावर रापणही ओढली जाते. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ फिरते, दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात, मग दोन रांगांत पंचवीस-तीस माणसं टाचा वाळूत रोवून जाळं ओढतात. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकत जातात आणि शेवटी बांगडा-तारलीने भरलेला घोळ ओल्या वाळूवर येतो. मग वाटे पडतात. दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला काही ना काही मिळतं. या मासेमारीला डिझेल जवळजवळ लागत नाही, पण रुंद, उतरती, मोकळी पुळण लागते. दगडांच्या राशीवर टाच रोवता येत नाही आणि जाळं फाटतं. बंधारा घर वाचवतो आणि त्याच घरातली रापण बंद पाडतो. हा पेच सरकारी अंदाजपत्रकात दिसत नाही.

नदीतून समुद्राला जे मिळायला हवं ते आपण वाटेत काढून घेतलं. त्याच नद्यांतून आपण पाठवतो काय, ही गोष्टीची दुसरी बाजू आहे, आणि ती पहिल्यापासून वेगळी काढता येत नाही.

मुंबई हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. या शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं आणि त्यातलं बहुतेक वैतरणा, तानसा, भातसा यांच्या खोऱ्यांतून येतं. तानसा धरण १८९२चं, मोडकसागर १९५०च्या दशकातलं, मध्य वैतरणा २०१४चं. म्हणजे त्र्यंबकच्या डोंगरातून अर्नाळ्याला जाणारं पाणी मोठ्या प्रमाणात नळांतून दादर, कुर्ला, अंधेरीला जातं. घरात आलेल्या पाण्याचा साधारण ऐंशी टक्के भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो असं अभियंते धरतात. वैतरणेचं पाणी अशा रीतीने माहीमच्या खाडीतून, वरळीच्या आणि वांद्र्याच्या नळांतून समुद्राला मिळतं. स्वतःच्या रेतीशिवाय आणि आपल्या घाणीसकट.

वरळी आणि वांद्रे इथे हे सांडपाणी चाळून, त्यातला खडा-कचरा काढून तीन किलोमीटरहून लांब नळांनी समुद्रात सोडलं जातं. खोल पाण्यात ते विरून जाईल, हा त्यामागचा विचार. जे नळांपर्यंत पोहोचतच नाही त्याला तेवढंही नशीब नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी १७.८ किलोमीटर वाहते, आणि एवढ्याशा अंतरात झोपडवस्त्यांची गटारं, भंगाराचे पिंप धुतलेलं पाणी, गोठ्यांचं शेण सगळं पोटात घेऊन माहीमला पोहोचते.

पाण्यात काय बिघडतं, हे नाकाला कळतं त्याआधी माशाला कळतं. उबदार, स्वच्छ समुद्राच्या लिटरभर पाण्यात सहा मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असतो. मैला पाण्यात आला की जिवाणू तो खायला लागतात आणि खाताना हा प्राणवायू वापरतात. पोहण्याजोग्या समुद्राच्या पाण्यासाठी आपल्याकडचा निकष किमान चार मिलिग्रॅमचा आहे, आणि शंभर मिलिलिटरमागे मैल्यातले जिवाणू शंभराहून अधिक नसावेत असाही. शहराच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी, जेव्हा समुद्राचं ताजं पाणी मागे गेलेलं असतं आणि गटारांचं तेवढंच उरतं, तेव्हा हे निकष फार दूर राहतात. डोल जाळं लावणारा कोळी हे आकडे न बघताही सांगू शकतो. भरतीच्या ओघात तोंड उघडून उभ्या असलेल्या त्या जाळ्यात करंदी आणि बोंबलांबरोबर दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, तुटक्या चपला येतात. किनाऱ्यावर टोपली रिकामी झाली की कोळणीचा पहिला तास मासळी निवडण्यात नाही, प्लास्टिक वेचण्यात जातो. त्या तासाची मजुरी तिला कोणी देत नाही.

शहराबाहेर विष वेगळं असतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीखालची सावित्री, रोह्याजवळची कुंडलिका, लोटे-परशुरामचं पाणी घेणारी दाभोळची खाडी, या सगळ्या काठांवर मेलेल्या माशांचे खच मच्छीमारांनी वारंवार पाहिले आहेत. मासे मेले की पाण्याचे नमुने घेतले जातात. पण खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी; दोषी पाणी नमुन्याच्या बाटलीची वाट पाहत थांबत नाही. सांडपाणी जिथून सुटतं तिथेच, दिवसरात्र चालणारी मोजणी आणि तिचे आकडे गावाला वाचता येतील असे फलकावर, याखेरीज हा लपंडाव संपणार नाही.

वाळू आणि पाणी हे दोन प्रश्न जिथे एकाच जागी सुटतात, ती जागा म्हणजे कांदळवन. तिवरांच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांत भरतीचं पाणी मंदावतं. त्यातला गाळ खाली बसतो, जमीन चढते, आणि त्या गाळाबरोबर धातू आणि मैलाही काही अंशी अडकून पडतो. लाटेचा जोर तिथेच मोडतो. महाराष्ट्रात आज सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये तोडीला चाप लावला, २०१८च्या निकालात तिवरांभोवतीची पन्नास मीटरची पट्टीही राखीव ठरवली आणि २०१२पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष काम करतो आहे. या तिन्हींमुळे खरोखर फरक पडला. तरी तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. रात्री डेब्रिजचे चार डंपर रिकामे करून भरतीची वाट बुजवली की काही महिन्यांत झाडं उभ्याउभ्या वाळतात.

इथे एका गैरसमजाला जागा आहे. ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. २०२२मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, मान मिळाला. तेवढ्यावरून पाणी सुधारलं असं मानू नये. सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर शेवाळ पोसतं आणि रोहित पक्षी त्यावर जगतात. खाडी भरपूर जीव पोसते आहे आणि आजारीही आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

काही दुरुस्त्या होऊ शकतात, हेही दिसलं आहे. पुदुच्चेरीत राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २०१८मध्ये सुमारे नऊशे टनांची पोलादी पाचर समुद्राच्या तळाशी बसवली. तिने लाटा फोडल्या, वर बाहेरून वाळूही घातली, आणि तीन दशकांनी शहरासमोर पुन्हा पुळण दिसू लागली. मुंबईत वरळीपासून भांडुपपर्यंत सात ठिकाणी मिळून रोज २४६ कोटी लिटरहून अधिक सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं उभी राहत आहेत. ती पूर्ण होऊन नीट चालली, तर माहीमच्या खाडीला पिढ्यांनंतर प्राणवायू मिळेल. ही कामं महागडी आहेत. वाळू वाटेत अडवली नसती आणि मैला न शुद्ध करता सोडला नसता, तर त्यातली बरीच आज करावी लागली नसती.

आता वैतरणेच्या उत्तरेला, पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, समुद्रात भर घालून तयार होणारी जमीन १,४४८ हेक्टर, लाटारोधक भिंत १०.१४ किलोमीटर. सातपाटीसारख्या गावांत उधाणाचं पाणी आजच घरांपर्यंत येतं आणि मच्छीमारांचा विरोध त्या अनुभवातून आला आहे. किनारा भिंतीआधी कसा होता याची नीट मोजणी हाताशी नसेल, तर पुढची भांडणं अंदाजांवर होतात. वाढवणची भिंत पुरी व्हायची आहे. डहाणूपासून अर्नाळ्यापर्यंत प्रत्येक पुळणीचा उतार आणि रुंदी पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजावी, शेजारच्या खाड्यांतलं पाणीही त्याच वेळी तपासावं आणि नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवाव्यात. त्यासाठी लागतात पातळी मोजायची एक दुर्बीण, एक मोजपट्टी, पाण्याच्या काही बाटल्या आणि गावातली चार शिकलेली मुलं. हे काम पुढच्या पावसाच्या आत सुरू होऊ शकतं.